मॅग्नेशियम थर धरून ठेवते

पडद्यावर दिसणारी ही काळी पूड सोडियम, निकेल आणि मँगनीज यांचे ऑक्साइड आहे. सोडियम-आयन बॅटरीचा कॅथोड, म्हणजे धन टोक, अशा पुडीपासून तयार करता येतो. तिच्या स्फटिकात निकेल, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचे थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत सोडियमचे आयन राहतात. बॅटरी चार्ज होताना हे आयन बाहेर पडतात आणि वापरताना परत येतात.

खरी अडचण चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात येते. व्होल्टेज साधारण 4.2 व्होल्टच्या वर गेले, की बरेचसे सोडियम निघून गेलेले असते. मग ऑक्सिजनचे थर आपल्या जागेवरून सरकतात, मधली फट दबते आणि स्फटिकाचे आकारमान 20 टक्क्यांहून अधिक घटते. बॅटरी वापरली, की तो पुन्हा फुगतो. प्रत्येक फेरीत हे घडत राहिल्याने कणांना तडे जातात, त्यांत इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, शिरतो आणि धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, झपाट्याने उतरते.

इथे डोपिंग, म्हणजे स्फटिकातल्या काही अणूंच्या जागी दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू बसवणे, उपयोगी पडते. निकेलच्या दर 20 अणूंपैकी 3 अणूंच्या जागी मॅग्नेशियम बसवले, तर ते त्या जागी सहज सामावते, कारण दोघांच्या आयनांवरील विद्युतभार सारखा आणि आकारही जवळपास सारखा असतो. मात्र चार्जिंगच्या वेळी निकेल इलेक्ट्रॉन सोडते, मॅग्नेशियम सोडत नाही. म्हणून तेवढे सोडियम थरांमध्येच मागे राहते आणि घराच्या खांबांप्रमाणे त्यांना तोलून धरते. शिवाय निकेल आणि मँगनीज यांची नियमित मांडणी मोडल्यामुळे सोडियमचे आयनही ठरावीक नक्षीत अडकून पडत नाहीत.

याची किंमत मोजावी लागते. निकेल जितके इलेक्ट्रॉन सोडू शकते त्या हिशेबाने दर ग्रॅममागे 173 मिलिअँपिअर-तास असलेली सैद्धांतिक धारकता 149 वर येते. तरीही ही तडजोड योग्यच म्हणावी लागेल, कारण शेकडो फेऱ्या टिकणार नसेल तर पहिल्या फेरीतल्या मोठ्या आकड्याचा वापरणाऱ्याला काहीच उपयोग नाही. अर्थात मॅग्नेशियम प्रमाणाबाहेर घालून चालत नाही, आणि पूड तयार करण्यासाठी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजताना ते एकसारखे पसरले नाही, तर त्याचे ऑक्साइड वेगळे साचून राहते.

ही पद्धत प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. ब्रिटनमधील फॅराडियन या कंपनीने निकेल आणि मँगनीज यांच्याबरोबर मॅग्नेशियम आणि टायटॅनियम ही दोन्ही मूलद्रव्ये असलेले कॅथोड विकसित केले. 2022 मध्ये ही कंपनी रिलायन्स समूहाकडे आली.

एक उणीव मात्र मॅग्नेशियम भरून काढू शकत नाही. आपण पाहिलेल्या स्फटिकात धातूच्या दर 3 अणूंमागे सोडियमचे केवळ 2 अणू असतात, आणि समोरच्या ॲनोडमध्ये, म्हणजे हार्ड कार्बन या कार्बनच्या प्रकारापासून केलेल्या ऋण टोकात, सुरुवातीला सोडियम मुळीच नसते. म्हणून बॅटरीत सोडियम कमी पडते. ही तूट टाळण्यासाठी सोडियमने पूर्ण भरलेली थरांची रचना निवडली, तर तिचे थर वेगळ्या रीतीने सरकतात आणि डोपिंगचे मूलद्रव्य, त्याची जागा व प्रमाण हे सारे नव्याने ठरवावे लागते.