सवारोच्या डोंगरवाटेवर

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या पश्चिमेला, सोनोरन वाळवंटातील एक खडकाळ डोंगररांग उभी आहे. जानेवारीतील एका सकाळी आम्ही पाच मित्र किंग कॅन्यनच्या वाटेने तिच्या सर्वांत उंच, म्हणजे 1,429 मीटरच्या, वॉसन शिखराकडे निघालो. जाऊन-येऊन सुमारे 11 किलोमीटरच्या या चालीत पिण्याचे पाणी कोठेही मिळत नाही, म्हणून प्रत्येकाने तीन लिटर पाणी पाठीवर घेतले होते.

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र उतारच्या उतार सवारो या झाडासारख्या उंच वाढणाऱ्या निवडुंगांनी भरलेले आहेत. पाऊस पडला की या निवडुंगाची उथळ, दूरवर पसरलेली मुळे पाणी शोषून घेतात आणि खोडावरील उभ्या घड्या बाजाच्या पेटीचा भाता उघडावा तशा फुलतात. कोरड्या महिन्यांत त्या पुन्हा मिटत जातात.

एका वळणावर हिरव्या सालीच्या पालो व्हर्दे झाडाखाली गुडघाभर उंचीचा सवारो दिसला आणि आम्ही तेथे बराच वेळ थांबलो. पहिल्या आठ वर्षांत हे रोप जेमतेम एक-दीड इंच वाढते. उन्हाळ्याची होरपळ आणि हिवाळ्यातील गोठवणारी रात्र त्याला उघड्यावर सोसत नाही, त्यामुळे झाडाझुडपांच्या आडोशाला पडलेले बीच बहुधा तगते. पहिला हात, म्हणजे खोडाला फुटणारी फांदी, यायला 50 ते 75 वर्षे लागतात. म्हणजे 1961 साली हा डोंगर संरक्षित झाला, तेव्हा समोरचा पाच हातांचा सवारो येथे बहुधा उभा होताच.

या भूमीचे मूळ रहिवासी असलेले टोहोनो ओओधम लोक जूनच्या सुमारास सवारोची लाल फळे लांब काठ्यांनी उतरवतात. त्यांचे नवे वर्ष या तोडणीने सुरू होते आणि फळांच्या रसापासून केलेले पेय पिऊन ते पावसाला आवाहन करतात. मृगाची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही आस वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शिखरावर वारा बोचरा होता, त्यामुळे जेवण लवकर आटोपले. उतरताना थकलेल्या पायांना वळणे टाळून सरळ खाली जाण्याचा मोह झाला. पण प्रत्येक झुडपाच्या बुंध्याशी बोटभर सवारो असू शकतो, हे सकाळीच पाहिले होते. एकामागे एक, वाट न सोडता, आम्ही सगळी वळणे घेत खाली आलो.