हिरव्या गव्हात उपाशी पिल्लं

जून महिना. दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्सच्या टेकड्यांवर, बांधावरच्या गेल्या वर्षीच्या वाळक्या गवतात राखाडी तित्तराची मादी पंधराएक अंडी उबवते आहे. साधारण पंचवीस दिवसांनी ती जवळजवळ एकदमच फुटतील. अंगं सुकली की पिल्लं घरटं सोडतील.

घरट्याला दाट, कोरडं गवत लागतं. पिल्लांचं त्यात भागत नाही. आठ-नऊ ग्रॅमचा हा जीव दाट, ओल्या गवतात भिजतो आणि गारठतो. पहिले काही दिवस त्याला स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही. आई त्याला पंखाखाली घेते, पण तेवढा वेळ चरणं थांबतं. म्हणून पिल्लांना हवं वरून आडोसा देणारं, पण बुडाशी मोकळं पीक.

आणि त्यात किडे हवेत, भरपूर. पहिले दोन आठवडे पिल्लांची भिस्त त्यांच्यावरच असते, कारण पिसं वाढायला लागणारी प्रथिनं नुसत्या दाण्यांतून पुरेशी मिळत नाहीत. किडे विरळ असले की पिल्लं पोटासाठी लांबवर भटकतात, दमतात, शिकाऱ्यांच्या नजरेत येतात. पिसं उशिरा आली की उडणंही लांबतं.

हे किडे मुख्यतः गव्हातल्या तणांवर पोसले जातात. 1950 च्या दशकात तणनाशकं आली. त्यांनी पिल्लांना विषबाधा केली नाही, त्यांचं अन्न संपवलं. तित्तरांचे अभ्यासक डिक पॉट्स यांनी ससेक्समध्ये 1968 पासून केलेल्या अभ्यासातून हा दुवा पुढे आला. पूर्वी निम्म्याच्या आसपास पिल्लं जगत. नंतर तिसरा हिस्साच उरू लागला.

करवत माशीची अळी हे पिल्लांचं उत्तम खाद्य. ती हिवाळा जमिनीत काढते आणि नांगरटीत मोठ्या संख्येनं मरते. बार्लीतच गवताचं बी पेरून, कापणीनंतर शेत न नांगरता कुरण म्हणून राखलं, तर ती वाचते.

आजच्या शेतात करण्याजोगा उपाय म्हणजे पिकाच्या कडेचा 6 मीटरचा पट्टा. त्यात 15 मार्चनंतर कापणीपर्यंत कीटकनाशक मारायचं नाही. रुंद पानांची तणं राहू द्यायची. पिकाला आडवं पाडणारी चिकट वेल आणि रानटी ओट यांच्यापुरतंच निवडक तणनाशक वापरायचं. नत्रही हात राखून द्यायचं, नाहीतर गहू इतका दाट होतो की खाली ना तण वाढतं, ना पिल्लू चालू शकतं. आणि हा पट्टा घरट्याच्या बांधाला लागूनच हवा. तो शेताच्या पलीकडच्या टोकाला ठेवला, तर पिल्लांना पहिल्याच दिवशी उपाशीपोटी अख्खं शेत पार करावं लागतं.