रकान्याच्या डोक्यावरचा आकडा

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांच्या टीमकडे कानबान बोर्ड असेल, म्हणजे कुठलं काम कुठल्या टप्प्यावर आहे ते कार्डांनी दाखवणारा फलक. जिरा नावाच्या, कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, नाहीतर ऐरोली-पवईच्या ऑफिसात काचेवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या असतील. ‘करायचं’, ‘चालू’, ‘टेस्टिंग’, ‘झालं’ असे रकाने आखून कार्डं टाकली, की कानबान सुरू झालं असं आपण धरून चालतो. माझ्या मते ती नुसती कामांची यादी झाली. कानबान सुरू होतं ते रकान्याच्या डोक्यावर आकडा पडतो तेव्हा. टेस्टिंगमध्ये तीन कार्डं, चौथं घ्यायचं नाही.

टोयोटात तायिची ओनो यांनी ही पद्धत बसवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली सुपरमार्केटं होती. गिऱ्हाइकाने जेवढा माल उचलला, तेवढाच मागून भरायचा. सॉफ्टवेअरमध्ये ती २००४ साली डेव्हिड अँडरसन यांनी मायक्रोसॉफ्टच्या एका देखभाल टीमसाठी वापरली. ती टीम बसायची आपल्या हैदराबादेत, त्यामुळे ‘आपल्याकडे हे चालणार नाही’ ही सबब बाद!

आता हिशेब बघा. बोर्डावर चोवीस कामं चालू आहेत आणि टीम आठवड्याला सहा संपवते. म्हणजे एका कामाला सरासरी चार आठवडे. वेग तोच ठेवून चालू कामं बारावर आणा, दोन आठवडे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा नियम आहे, त्यात मॅनेजरच्या उत्साहाला जागा नाही.

आकडा नसला की काय होतं? डेव्हलपर स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, म्हणतो, “माझं झालं, टेस्टिंगला दिलंय,” आणि नवं कार्ड उचलतो. तिकडे टेस्टर एकटी, तिच्या रकान्यात अकरा कार्डं. दहा दिवसांनी तिला बग सापडतो, तोवर या गड्याला आपलाच कोड आठवत नाही. लोकलच्या मोटरमनला पुढचा सिग्नल लाल दिसला की तो गाडी दामटत नाही. इथे मात्र प्रत्येकजण दामटतो. तीनाची मर्यादा असती तर डेव्हलपरचं कार्ड ‘चालू’मध्येच अडलं असतं, आणि मुकाट्याने टेस्टिंगला हात लावावा लागला असता. त्याला ते आवडत नाही, हे खरं. पहिले काही आठवडे लोक ‘रिकामे’ दिसतात आणि मॅनेजरचा जीव खालीवर होतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, “साहेब दुपारी चारला येऊन ‘हे छोटंसंच आहे, आजच टाका’ म्हणाले, तर?” त्यासाठी बोर्डावर वरती एक आडवी पट्टी ठेवा, अर्जंट कामांची. तिच्यात एका वेळी एकच कार्ड. दुसरं आलं तर साहेबांनाच बोर्डापुढे उभं करा आणि विचारा, यातलं कुठलं काढू? बहुतेक वेळा ते म्हणतात, “राहू दे, उद्या बघू.”