ऑपरेशनआधीची दहा मिनिटं

परळ. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग. उजाडताच टाटा हॉस्पिटलच्या फाटकाशी माणसं जमू लागतात. काखेत फायली, रिपोर्टांचे लिफाफे. कानावर पडते भोजपुरी, बंगाली, असमिया, वऱ्हाडी. टाटांच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली उभं राहिलेलं हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. उपचार, शिक्षण आणि संशोधन, तिन्ही इथेच चालतं.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, ट्रे)

ट्रेमधली ही सिरिंज नीट पाहा. तिच्यात आहे लिग्नोकेन. दात काढण्याआधी हिरडीत टोचतात, तेच भुलीचं औषध.

डॉ. राजेंद्र बडवे स्तनाच्या कर्करोगाचे सर्जन. २०२३ पर्यंत टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक. पण त्यांच्या कारकिर्दीचा धागा शोधायचा, तर तो संचालकाच्या दालनात सापडत नाही. तो या टेबलाशी आहे. गाठ काढली जाते त्या घडीला शरीरात काय चाललेलं असतं, आणि त्यावर पुढचं आयुष्य किती अवलंबून असतं?

हा प्रश्न लंडनच्या गायज हॉस्पिटलमधला. तिथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २४९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. पाळीच्या चक्रात ऑपरेशन कधी झालं, यानुसार दहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ५४ आणि ८४ टक्के, इतकं वेगळं निघालं. १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि वाद पेटला. इतर ठिकाणच्या आकड्यांत हा फरक कुठे दिसे, कुठे नाही. जुन्या नोंदींवरून याचा निवाडा होणार नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून, पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा करायला हवा होता.

ते काम मुंबईत झालं. सुमारे हजार स्त्रिया. निम्म्यांना ऑपरेशनच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे पाळीच्या चक्रातल्या एका संप्रेरकाचं, एकच इंजेक्शन. २०११ चा निकाल: सगळ्यांचा मिळून ठळक फरक नाही, काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्यांत मात्र फायद्याची खूण. आला तसा छापला.

(दृश्य: बैठक, नकाशा)

याच काळात, २०१२ मध्ये, देशभरच्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं, नॅशनल कॅन्सर ग्रिड, सुरू झालं.

(दृश्य: पुन्हा थिएटर, सिरिंज)

आणि आता ही सिरिंज. प्रयोगशाळेत दिसलं होतं की लिग्नोकेन कर्करोगाच्या पेशींची हालचाल मंदावतं. मग गाठ कापण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी ते तिच्याभोवती टोचलं तर? या औषधावर कुणाचं पेटंट नाही. औषध कंपनी यात पैसा कशाला घालेल? असे प्रश्न सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेनेच हाती घ्यायचे असतात, आणि तिच्या प्रमुखाने ते घेतले. देशातली ११ केंद्रं, १६०० स्त्रिया, दहा वर्षांहून अधिक काळ.

२०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर.

याला नवं यंत्र लागत नाही. वेगळं प्रशिक्षणही फारसं नाही. लिग्नोकेनची बाटली तालुक्याच्या रुग्णालयातही असते.