मतं हिलरींची, डेलिगेट ओबामांचे

(नकाशा: अमेरिकेच्या वायव्येला आयडाहो, पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सी)

५ फेब्रुवारी २००८, मंगळवार. डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, यासाठी एकाच दिवशी वीसहून जास्त राज्यांत मतदान. टीव्हीवाल्यांचा सगळा डोळा कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीवर. आयडाहोला कोण विचारतंय? बटाट्यांचा मुलूख आणि रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. नोव्हेंबरात इथे डेमोक्रॅट जिंकणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण बराक ओबामा तीनच दिवस आधी इथे, बॉइसी शहरात, सभा घेऊन गेले होते. गर्दी सुमारे १४ हजारांची. आयडाहोत मतपेट्या नव्हत्या, कॉकस होतं. म्हणजे संध्याकाळी एका ठिकाणी जमायचं आणि उघडपणे आपापल्या उमेदवाराच्या बाजूला उभं राहायचं. राज्यभरातून आले जेमतेम २१ हजार लोक. त्यातले ८० टक्के ओबामांकडे. राज्याच्या १८ डेलिगेटपैकी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींपैकी, ओबामांना १५, हिलरी क्लिंटन यांना ३.

त्याच दिवशी न्यू जर्सीत अकरा लाखांवर मतं पडली. हिलरी लाखभर मतांनी जिंकल्या. डेलिगेट? ५९ विरुद्ध ४८. आघाडी ११ ची.

आयडाहोतली ओबामांची आघाडी १२ ची होती.

(पडद्यावर: चार खुर्च्या, दोन निळ्या, दोन पिवळ्या)

हे घडतं कसं? पक्षाचा उमेदवार अधिवेशनात डेलिगेट ठरवतात, आणि डेमोक्रॅट ते मतांच्या प्रमाणात वाटतात. निदान १५ टक्के मतं हवीत, नाहीतर भोपळा. हिलरींना आयडाहोत १७ टक्के होती, म्हणून ते ३ तरी पदरात पडले. त्यातही बहुतेक डेलिगेट राज्याच्या एकूण मतांवर नाही, मतदारसंघागणिक वाटले जातात, आणि खरी गंमत तिथेच आहे. मतदारसंघाला ४ डेलिगेट असतील आणि लढत दोघांत असेल, तर ६० टक्के मतं मिळवणाऱ्यालाही २ आणि ४० टक्केवाल्यालाही २. तिसरा मिळवायचा तर साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जायला हवं. उलट डेलिगेट ३ असतील, तर निम्म्याहून एक मत जास्त मिळालं तरी २ तुमचे. ओबामांच्या मंडळींनी हा हिशेब नीट मांडला होता. हिलरींचा भर मोठी राज्यं जिंकण्यावर राहिला, असं आमचं मत.

रिपब्लिकनांचं गणित तेव्हा बऱ्याच राज्यांत सरळ होतं. त्याच मंगळवारी मिसुरीत जॉन मॅकेन यांना फक्त ३३ टक्के मतं पडली आणि राज्याचे सगळे, ५८ च्या ५८ डेलिगेट त्यांच्या खिशात गेले.

(नकाशा: टेक्सास)

४ मार्चला टेक्सासनं तर कळस केला. दिवसा मतदान आणि त्याच संध्याकाळी कॉकस. दिवसा मत दिलेल्यांनीच संध्याकाळी पुन्हा यायचं! शिवाय मतदारसंघांना डेलिगेट सारखे नव्हते. आधीच्या निवडणुकांत जिथे डेमोक्रॅटांना भरघोस मतं पडली, तिथे जास्त. ऑस्टिनच्या एका मतदारसंघाला ८, सीमेलगतच्या लॅटिनो वस्तीच्या भागांना त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. आणि हिलरींचा जोर होता तो नेमका सीमेलगत. दिवसाच्या मतदानात हिलरी लाखभर मतांनी पुढे, डेलिगेट ६५ विरुद्ध ६१. संध्याकाळच्या कॉकसमध्ये ओबामा ३८, हिलरी २९. बेरीज करून बघा: ओबामा ९९, हिलरी ९४.

मिशिगन आणि फ्लोरिडानं पक्षानं ठरवलेल्या तारखांआधीच मतदान उरकलं, म्हणून त्यांचे डेलिगेट सुरुवातीला बादच झाले. ३१ मे रोजी तडजोड निघाली: डेलिगेट घ्यायचे, पण प्रत्येकाला अर्धंच मत. त्यामुळे बहुमताचा आकडा २,११८ वर गेला. मतदानातून मिळालेल्या डेलिगेटांवर तो कोणालाच गाठता येणार नव्हता. उरले सुपरडेलिगेट, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी. हे आठशेवर लोक, आणि कोणाला मत द्यायचं याची त्यांना तेव्हा पूर्ण मोकळीक होती. मतदारांनी निवडलेल्या डेलिगेटांत ओबामा सव्वाशेच्या आसपास पुढे होते. ती आघाडी उलटवून टाकायची तयारी यातल्या फारशा कोणाची नव्हती.

३ जूनला शेवटचं मतदान झालं. माँटाना ओबामांनी जिंकलं, साउथ डाकोटा हिलरींनी. साउथ डाकोटातल्या १५ डेलिगेटपैकी हरलेल्या ओबामांना ६ मिळाले, आणि त्याच रात्री त्यांनी २,११८ चा आकडा ओलांडला.