शिंपल्याला भोक पाडताना

[दृश्य: काचेची उथळ वाटी, पाण्याखाली नखाएवढा शिंपला, वरून उतरणारी ड्रिलची बारीक बिट]

पाणी हळूहळू दुधाळ होतंय. माळेसाठी शिंपल्याला भोक पाडताना सुटणारा हा भुगा. तो असा पाण्यातच राहायला हवा. हवेत उडाला की श्वासावाटे फुफ्फुसात जातो, म्हणून शिंपला कोरडा कधीच घासायचा नाही आणि कोरडा कधीच छेदायचा नाही. पाण्याखाली काम असलं तरी तोंडाला मास्क हवाच.

मुंबईचा समुद्र नागपूरहून 800 किलोमीटरच्या आसपास. पण कवडी-शिंपला विदर्भाला परका नाही. सारीपाटावर कवड्या पडतात, तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, यवतमाळ-वाशीमकडच्या बंजारा बायांच्या पोशाखावर कवड्या शिवलेल्या असतात. त्या कवडीची पाठ आधी सपाट घासून उघडी केलेली असते, त्यामुळे सुई सहज आरपार जाते. कवडीला छेद द्यायची ही जुनी आणि सोपी रीत. ओल्या दगडावर किंवा 120 नंबरच्या वॉटरपेपरवर (ओला वापरायचा घासकागद) पाठ गोल गोल फिरवायची.

नद्यांच्या वाळूत सापडतात ते गोड्या पाण्यातले शिंपले. बाहेरून काळपट-हिरवट साल, आत मोत्याची झाक. यांची एक खोड नागपुरात फार जाणवते. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की ही साल वाळून तडकते, पोपडे सुटतात, कधी कधी शिंपलाच चिरतो. म्हणून वाळवण सावलीत करायचं, आणि साल ठेवायची असेल तर बेबी ऑइलचा पातळ हात द्यायचा. साल नको असेल तर साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून बोथट सुरीनं खरवडायची. घ्यायचे ते रिकामे, सुटे शिंपलेच. जिवंत शिंपला नदीचं पाणी गाळतो, त्याला हात लावू नये.

समुद्री माल विकत घेतानाही हीच नजर हवी. किनाऱ्यावर लोळलेली कवडी फिकी, खरखरीत असते. आरशासारखी लखलखणारी कवडी बहुतेक वेळा जिवंत असतानाच काढलेली असते. नॉटिलस आणि खडक बांधणारं प्रवाळ यांना तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचा दागिना करायचाच नाही.

[दृश्य: शिंपल्यावर लिंबाचा एक थेंब, थेंबात उठणारे बुडबुडे]

घरोघरी होणारी चूक ही. पितळ चिंचेनं उजळतं, तांब्याला लिंबू लावतात, म्हणून शिंपल्यालाही लावलं जातं. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की तो विरघळायला लागतो. हे बुडबुडे म्हणजे त्याचीच झीज, आणि गेलेली चमक परत येत नाही. साफसफाईला साधं पाणी, साबण, जुना टूथब्रश. वास राहिला तर दिवसातून दोनदा पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवायचं. चकचकीत कवडी उकळायची नाही, तिच्यावर बारीक तडे जातात.

आता भोक. माळ तुटली, शिंपला फुटला, तर बहुतेक वेळा दोष इथेच निघतो.

काठापासून किमान 3 मिलिमीटर आत पेन्सिलीनं खूण करायची. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही. शिंपल्याखाली लाकडाचा तुकडा, आणि वर पाणी जेमतेम 2-3 मिलिमीटर. बिट 1 मिलिमीटरची, हिऱ्याच्या कणांची. ड्रिल सेलवर चालणारा किंवा हातानं फिरवायचा. वायर लावलेलं मशीन पाण्याजवळ आणायचंच नाही. सुरुवात तिरकी करायची, खाच पडली की बिट उभी करायची. मग दर चार-पाच सेकंदांनी उचलायची, म्हणजे भुगा बाहेर पडतो आणि पाणी आत जातं. दाबायचं नाही. जोर लावावा लागतोय म्हणजे बिट झिजली, ती बदलायची. केस जळल्यासारखा वास आला तर पाणी कमी पडतंय. शिंपल्याच्या थरांमधलं प्रथिन तापलं की हा वास येतो.

शेवटचा क्षण सर्वांत नाजूक. मागच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसला की थांबायचं, शिंपला उलटायचा आणि उरलेलं भोक तिकडून पाडायचं. एकाच बाजूनं रेटलं तर मागचा पापुद्रा उडतो, मोत्याची झाक नेमकी तिथेच जाते.

[दृश्य: भोकाची कड, अगदी जवळून]

ही कड पाहा. दिसते गुळगुळीत, पण ती ब्लेडसारखी धारदार आहे. दोरा इथेच झिजून तुटतो. गोल कानशीचं टोक दोन्ही बाजूंनी ओलं फिरवून ही धार बोथट करायची. मग 400, 600, 1000 नंबरचा वॉटरपेपर, त्याच क्रमानं. 400 च्या रेघा राहिल्या तर 1000 नं त्या निघत नाहीत, उलट अधिक उठून दिसतात.

शिंपल्यांच्या मध्ये मणी म्हणून वैजयंतीचं बी उत्तम, त्याला निसर्गतःच आरपार वाट असते. रतनगुंज, म्हणजे अख्खी लाल बी, कठीण. ती भिजवून, लाकडात बसवून मग छेदायची. मात्र लाल-काळी गुंज नको. सराफांनी पिढ्यान्‌पिढ्या तिनं सोनं तोललं, आठ गुंजांचा एक मासा (सोन्याचं जुनं वजन), पण तिचं कवच फुटलं की आतला भाग जहाल विषारी असतो, आणि भोक पाडणं म्हणजे कवच फोडणंच. बाकीचं बी कडक वाळवून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, नाहीतर पावसाळ्यात मण्यातून भुंगा निघतो.

गाठवायला मेण लावलेला 1 मिलिमीटरचा सुती दोरा, माळेच्या तिप्पट लांब. 18 इंचांच्या माळेला 54 इंच. प्रत्येक शिंपल्यानंतर गाठ. शिंपले एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच निखळतो. गाठ भोकाला भिडेपर्यंत सुईच्या टोकानं सरकवायची.

[दृश्य: खिळ्याला टांगलेली माळ, फासा न लावलेली]

फासा, म्हणजे माळ अडकवायची कडी, लगेच लावायचा नाही. माळ रात्रभर स्वतःच्या वजनानं लोंबू द्यायची, कूलरच्या ओल्या वाऱ्यापासून दूर. सकाळी दोरा थोडा ताणलेला असतो. सैल झालेल्या गाठी खालून वर आवळत यायचं, मग फासा बांधायचा, शेवटच्या गाठीला गोंदाचा एक थेंब द्यायचा. थेंब सुकल्यावरच दोऱ्याचं टोक कापायचं.