पारोसा गाऊन आणि आषाढातली दोरी

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू वाजला की आपण काय करतो? अंगावर जो गाऊन असेल त्याच्यावर टॉवेल नाहीतर ओढणी टाकतो, पिशवी घेतो आणि फाटकापर्यंत जातो. उंडे घेऊन वळतो तेवढ्यात मासळीवाली येते. तिची पाटी उतरवायला हात लावायचा, बांगडे दाबून बघायचे, भाव करायचा. मग तुळशीला पाणी, मग स्वयंपाक. बांगडे तळताना तेल उडतं. हात ओले झाले की फडकं शोधत कोण बसतं? गाऊन आहेच पुसायला. दुपारी त्याच गाऊनवर एक डुलकी. आणि संध्याकाळी कुणी विचारलं, "हा धुवायला टाकू का?" तर आपलं उत्तर ठरलेलं: "राहू दे गे, घरातच तर घातला होता."

आज मला या "घरातच तर" बद्दल बोलायचं आहे. गाऊन, लुंगी, पायजमा, हाफ पँट, ढगळ टी-शर्ट आणि हल्ली मुलं घालतात ते फ्लीसचे मऊ मऊ हुडी. हे घरातले कपडे किती दिवसांनी धुवावेत? प्रश्न साधा आहे. पण गोव्यात, आणि तोही आषाढात, तो साधा राहत नाही.

माझ्या सासूबाईंना हा प्रश्न पडलाच नसता. डिचोलीच्या चिऱ्याच्या घरात त्यांचा सगळा जन्म गेला. त्यांच्याकडे एकच शब्द होता, पारोसा. अंघोळ न केलेला माणूस पारोसा, केर न काढलेलं घर पारोसं, आणि रात्री अंगावर असलेलं लुगडंही पारोसं. सकाळी न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली जाळ पेटला की कालचं लुगडं धुण्याच्या दगडावर, आणि धुतलेलं अंगावर. सोवळ्याचं तर उंच दांडीवर वाळत असायचं, काठीनेच काढायचं, कुणाचा हात लागता कामा नये. मी सोवळंओवळं मानत नाही. त्यातलं बरंचसं माणसांना लांब ठेवण्यासाठी होतं, हेही आजच सांगून टाकते. पण पारोसा हा शब्द मात्र मी ठेवून घेतला आहे. कपडा बाहेर नेला का, हे तो शब्द विचारत नाही. तो कपडा अंगाला लागून किती वेळ होता, एवढंच विचारतो.

आणि खरी गोष्ट तीच आहे. रस्त्यावरची धूळ झटकली की बरीचशी जाते. कपडा खराब होतो तो आतून, आपल्या अंगाने. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. अंगभर जो घाम येतो तो जवळजवळ सगळा पाणी आणि मीठ, त्याला वास नसतो. काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांचा घाम जरा स्निग्ध. त्यालाही ताजेपणी फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू तो खातात, आणि वास येतो तो त्यांच्या जेवणाचा. त्यात अंगाचं तेल मिसळतं, झडलेली कातडी मिसळते, ऊब असतेच. ऑफिसचा शर्ट आठ-नऊ तास अंगावर असतो. घरातला गाऊन मात्र संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कधीकधी वीस वीस तास. मग शर्ट रोज धुवायचा आणि गाऊन तीन दिवसांनी, हा हिशेब कुणी घातला? लोकांनी बघितलं तर काय म्हणतील, या हिशेबाने आपण कपडे धुतो. गाऊन कोण बघणार?

आता कापडाकडे येते, आणि माझ्या फजितीकडेही. माझा मुलगा २०२०च्या टाळेबंदीत घरी आला आणि काम घेऊन घरीच राहिला. त्याचा वेश म्हणजे पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि हाफ पँट. ते टी-शर्ट मी धुवायची, वाळवायची, घडी घालताना नाकाला लावून बघायची, वास नाही. त्याने अंगात घातला की अर्ध्या तासात कुबट वास सुरू. मी पावडर वाढवली. वास तसाच. मग सुगंधी सॉफ्टनर आणला, तर मोगरा आणि कुबट असे दोन्ही वास एकदम यायला लागले.

पुढे वाचताना कळलं की या गोष्टीचा लोकांनी रीतसर अभ्यास केला आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाची सायकल जोरात चालवलेल्या २६ जणांचे टी-शर्ट त्यांनी तपासले. सुती कापडापेक्षा पॉलिस्टरला जास्त घाण वास येत होता, कारण वास करणारे काही जिवाणू पॉलिस्टरवर चांगले वाढतात. त्याआधी, २०१२ साली, जपानी संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागचा एक जिवाणू शोधून काढला होता. नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. हा बेटा कोरडेपणाही सोसतो आणि अतिनील किरणही बऱ्यापैकी सोसतो. कपडा वाळला की तो गप्प बसतो, परत ओल लागली की कामाला लागतो. आता माझ्या मुलाच्या टी-शर्टचं कोडं सुटलं. त्याच्या पाठीचा घाम म्हणजेच ती ओल.

उपाय काय केला? मशीनच्या दाराचं रबर उलटून बघितलं. श्रोतेहो, जेवल्यावर ऐकत असाल तर सांगत नाही काय दिसलं ते. ते पुसलं, मशीन रिकामंच गरम पाण्यावर फिरवलं, दार उघडं ठेवायला लागले. टी-शर्टाच्या लेबलवर ४० अंश लिहिलं होतं, म्हणून तेवढ्याच कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून तासभर भिजवले. पावडर निम्म्याने कमी केली, कारण न निघालेली पावडर कापडात राहते आणि मळ धरून ठेवते. सॉफ्टनर बंद. तरीही दोन टी-शर्ट काही सुधारले नाहीत. ते आता लादी पुसतात.

मग किती दिवसांनी धुवायचं? मला विचाराल तर स्वयंपाकघरातला सुती गाऊन रोज. मार्च ते ऑक्टोबर तर याच्यावर चर्चाच नको. रात्रीचा पायजमा, अंघोळ करून घातला आणि पंख्याखाली झोपलात, तर दोन-तीन रात्री चालतो. घामाने चिकट अंगाने तसेच आडवे झालात तर एकच रात्र. आत काही न घालता पायजमा किंवा हाफ पँट घालणाऱ्यांनी, आणि असे बरेच आहेत हे आपल्याला माहीत आहे, तिला आतल्या कपड्यातच धरावं, म्हणजे रोज धुवावं. लुंगीचंही तेच. आमच्या घरात लुंगीवरून वाद आहे, तो इथे आणत नाही. हुडीचं गणित वेगळं. आत टी-शर्ट असेल, एसीच्या खोलीत घातला असेल, तर पाच-सहा वेळा घालायला हरकत नाही. डिसेंबर-जानेवारीत सत्तरीकडे रात्री गारवा पडतो, तेव्हाही तसंच. फ्लीस सारखा धुतला की त्याच्यावर गोळे धरतात आणि त्याचे बारीक प्लॅस्टिकचे तंतू पाण्याबरोबर निघून जातात. धुवायचाच तर उलटा करून, थंड पाण्यात. आजारी माणसाचे कपडे, ताप उतरताना घामाने भिजलेले, हे मात्र लगेच.

घरात कुणाला गजकर्ण असेल तर वरचं सगळं विसरा. नायटी धुतली नाही म्हणून नायटा होतो असं नाही, शब्द जुळतात म्हणून गंमत वाटते एवढंच. पण ती बुरशी कपड्यातून, टॉवेलातून एकाची दुसऱ्याला लागते. त्या माणसाचे कपडे रोज, वेगळे, कापडाला चालत असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात, आणि टॉवेल कुणाशी वाटून घ्यायचा नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचं मलम आणू नका. खाज थांबते, बुरशी पसरते. डॉक्टरकडे जा.

आता दोरीकडे येते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैत. हवेतच एवढं पाणी की कपड्यातलं पाणी जाणार कुठे? मघाशी रोज धुवा असं मी म्हणाले ते खरं, पण रोज धुवून घरभर ओली लक्तरं लोंबत असतील तर त्याचा उपयोग नाही. माझं मत विचाराल तर अर्धवट वाळलेल्या धुतलेल्या गाऊनपेक्षा, रात्रभर पंख्याखाली टांगून कोरडा झालेला कालचा गाऊन बरा. सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर मला पडवीतच उभं केलं असतं. पण त्यांच्याकडे भाण होतं, रोजचा जाळ होता. पावसाळ्यात न्हाणीच्या धगीवर लुगडं वाळायचं. बाळाच्या दुपट्यांसाठी निखाऱ्यांवर टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर दुपटी पसरायची. धुराचा वास यायचा, कुबट वास नाही. आपण गॅस आणला, गिझर आणला, फ्लॅटमध्ये राहायला आलो, आणि वाळवण्याची जागा तेवढी विसरलो. फोंड्यातल्या माझ्या फ्लॅटची बाल्कनी एका टॉवेलाएवढी आहे.

म्हणून पावसाळ्यात मी उलट बाजूने मोजते. आज दोरीवर किती कपडे नीट वाळतील? सहा. मग सहाच धुवायचे, आणि त्यात पहिला मान आतल्या कपड्यांचा, मग स्वयंपाकाच्या गाऊनचा. मशीनमध्ये पिळण्याची फेरी दोनदा. दोन कपड्यांत हातभर अंतर. वरून पंखा. मशीन थांबलं की कपडे लगेच बाहेर, मालिका संपल्यावर नाही. संध्याकाळी पाचला हात लावून बघते, पण कापडाला नाही, शिवणीला. काखेची शिवण, नाडीची पट्टी, खिशाचा कोपरा. तिथे गार लागलं तर आत ओल आहे, इस्त्री फिरवायची. अशा ओलसर घड्या कपाटात गेल्या की चवथीच्या आवराआवरीत काळे ठिपके होऊन बाहेर येतात, आणि ते ठिपके सहसा निघत नाहीत.

गाऊन घेताना म्हणूनच जाड मऊ होजिअरीपेक्षा पातळ सुती घ्या. दुकानात मऊ लागतं ते जाड कापड जुलैत दोन दिवस दोरीवरून उतरत नाही. आणि एकाऐवजी तीन घ्या: एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. बाजारात भाव करताना मी हेच गणित सांगते, तरी कमी करत नाहीत.

आज सकाळी निघताना थोडी उघडीप होती, म्हणून दोन गाऊन बाहेरच्या दोरीवर टाकून आले. स्टुडिओला खिडकी नसते. इथे बसून बाहेर काय चाललंय ते काही कळत नाही. तेव्हा मी आता निघते.

नमस्कार.